डोंगराच्या पोटातील अग्निबाण



घराण्याची वंशावळ मांडताना ज्या पूर्वजाने घराण्याला बट्टा लावला, त्याचे नाव हळूच गाळून टाकण्याची रीत जगात सर्वत्र आढळते. विज्ञानाची घराणीही तिला अपवाद नाहीत. अग्निबाणाचा इतिहास सांगणारे कोणतेही सर्वसाधारण पुस्तक उघडून पाहा. त्यात रशियातील त्सिओल्कोव्स्की भेटतात, अमेरिकेतील गोडार्ड भेटतात, जर्मन भाषेत लिहिणारे ओबर्थ भेटतात. क्वचित एखादा चौकस लेखक आपल्या टिपूच्या फौजेतील बाणांचीही आठवण काढतो. (आपल्या बखरींत लढाईच्या वर्णनांत जे ‘बाण’ सुटतात, ते पुष्कळदा धनुष्याचे नसून दारूचे असतात, हे येथे जाता जाता सांगून टाकतो.) मग येतो जर्मनांचा व्ही-२, आणि तेथून एकदम उडी घेऊन आपण १९६९ साली चंद्रावर उतरतो. व्ही-२ कोठे झाला, या प्रश्नाला पुस्तकाचे ठराविक उत्तर असते : बाल्टिक समुद्राच्या काठी, पेनेम्युंडे येथे.

हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे. पेनेम्युंडे येथे तो अग्निबाण आखला गेला आणि ३ ऑक्टोबर १९४२ रोजी तेथूनच तो प्रथम यशस्वीपणे उडाला. लंडनवर आणि अँटवर्पवर जे अग्निबाण कोसळले, ते मात्र घडवले गेले तेथून शेकडो किलोमीटर दूर, मध्य जर्मनीत, एका टेकडीच्या पोटात. आज आपल्याला त्या टेकडीची हकीकत पाहावयाची आहे.

टेकडीचे नाव कोनश्टाइन. हार्त्स पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी, नॉर्डहाउजेन नावाच्या जुन्या गावाजवळ ती आहे. उंचीला बेताची, झाडीने झाकलेली; आपल्या सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाने तिला डोंगर म्हणताना जरा विचारच करावा. तिचे महत्त्व उंचीत नाही, पोटात आहे. ही सारी टेकडी ॲनहायड्राइट नावाच्या खडकाची, म्हणजे पाण्याचा अंश नसलेल्या जिप्समची आहे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, बाडिश ॲनिलीन या रसायनांच्या कंपनीने येथे खाण सुरू केली. लॉयना येथील प्रचंड कारखान्यात हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार होत असे; त्या अमोनियाचे अमोनियम सल्फेट करण्यासाठी जिप्समचा खडक लागे. अमोनियम सल्फेट म्हणजे आपल्या शेतकऱ्यालाही माहीत असलेले खत. तेव्हा या टेकडीचा पहिला धंदा शेतात घालावयाच्या खताचा होता, हे लक्षात ठेवावे.

या खडकाचे दोन गुण आहेत. तो कोरडा असतो आणि तो भक्कम असतो. त्यात मोठाले बोगदे खणले तरी फारसे टेकू द्यावे लागत नाहीत. हिटलरच्या सरकारने १९३६ पासून या गुणांचा फायदा घेतला. युद्ध झालेच तर पेट्रोल आणि तेल यांचा साठा विमानांच्या माऱ्यापासून सुरक्षित राहावा म्हणून एका सरकारी कंपनीने टेकडीत बोगदे खणावयास घेतले. त्या कंपनीचे नाव ‘आर्थिक संशोधन मंडळी’ असे काहीतरी निरुपद्रवी ठेवलेले होते. राज्यकर्त्यांना जेव्हा काही लपवावयाचे असते तेव्हा ते नाव फार सोज्ज्वळ ठेवतात, हा अनुभव एका जर्मनीपुरताच नाही. टेकडीच्या आरपार जाणारे दोन समांतर बोगदे, प्रत्येकी जवळजवळ दोन किलोमीटर लांबीचे, आणि शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे त्यांना जोडणारी चाळीस-पंचेचाळीस आडवी दालने, अशी त्याची रचना होती. १९४३ च्या उन्हाळ्यात एक बोगदा आरपार झाला होता आणि दुसऱ्याचे थोडे काम उरले होते.

आता पेनेम्युंडेकडे वळू. १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री जवळजवळ ६०० ब्रिटिश विमानांनी त्या केंद्रावर बाँबचा वर्षाव केला. चाळीस विमाने परतली नाहीत. खाली सातशेहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील बहुसंख्य माणसे शास्त्रज्ञ नव्हती. ती जवळच्या छावणीतील परदेशी मजूर होती. नेम थोडा चुकला आणि बाँब त्यांच्या झोपड्यांवर पडले. या मजुरांपैकीच काहींनी जिवावर उदार होऊन पेनेम्युंडेची बातमी बाहेर पोचवली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे दैवाच्या या उलट्या न्यायाला काय म्हणावे ते कळत नाही.

त्या हल्ल्यानंतर आठदहा दिवसांतच निर्णय झाला. हिटलर, शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर आणि एस. एस. संघटनेचा प्रमुख हिमलर यांनी ठरवले की अग्निबाणाचे उत्पादन जमिनीखाली न्यावयाचे आणि मजूर म्हणून बंदी-छावण्यांतील कैदी वापरावयाचे. बांधकामाची सूत्रे एस. एस. चा एक अधिकारी हान्स काम्लर याच्याकडे गेली. हा मनुष्य स्थापत्यशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेला होता आणि बंदी-छावण्यांच्या बांधकामाचा मोठा अनुभव त्याच्या गाठीशी होता. २८ ऑगस्ट १९४३ रोजी बुखनवाल्डच्या छावणीतून १०७ कैद्यांची पहिली तुकडी कोनश्टाइनच्या पायथ्याशी उतरली. हल्ल्यापासून अकराव्या दिवशी! सरकारी कामाची अशी तडफ एरवी कौतुकास पात्र ठरली असती.

या नव्या छावणीला सांकेतिक नाव मिळाले ‘डोरा’. जर्मनीत हे बाईचे साधे, घरगुती नाव आहे. कारखाना चालवण्यासाठी सप्टेंबरात ‘मित्तेलवेर्क’, म्हणजे मध्य-कारखाना, या नावाची एक मर्यादित कंपनी रीतसर नोंदवण्यात आली. आणि ऑक्टोबरात तिला १२,००० अग्निबाणांची मागणी मिळाली, नगास ४०,००० मार्क या दराने. कंपनी, करार, दर, हप्ते, सारे काही व्यवस्थित. कैद्यांची भाडेवारीसुद्धा ठरलेली होती. दर डोई, दर दिवसास काही मार्क याप्रमाणे कंपनी ती रक्कम एस. एस. कडे भरी. कैद्याच्या हाती त्यातील एक पैही येत नसे.

यापुढचे सांगताना आवाज चढवण्याचे कारण नाही. नुसती हकीकत पुरेशी आहे.

डोंगर कोरणे म्हटले की आपल्या मनात वेरूळ उभे राहते. कोनश्टाइनमध्ये प्रथम डोंगर कोरला गेला तो माणसांना कोंडण्यासाठी. बाहेर निवाऱ्याच्या झोपड्या बांधण्यात वेळ घालवावयाचा नाही, आधी यंत्रे बसवावयाची, असे वरून ठरले होते. म्हणून कैद्यांना बोगद्यातच राहावयास लावले. दक्षिणेकडील शेवटच्या तीन-चार आडव्या दालनांत चार-चार मजली लाकडी फळ्यांचे मांचे ठोकले. पाळ्या दोन, प्रत्येकी बारा तासांच्या. एक पाळी उठली की तिच्याच जागेवर दुसरी येऊन पडे. पलीकडे सुरुंग उडत होते, त्यांची पांढरी भुकटी हवेत तरंगत होती आणि ती छातीत जात होती. प्यावयास धड पाणी नाही, अंग धुण्यास तर नाहीच. पिंपे अर्धी कापून त्यांवर फळी टाकली की झाला संडास. बोगद्यातील थंडी बाराही महिने सारखी, आठ अंशांच्या आसपास. कित्येकांना आठवड्यातून एकदा, बाहेर हजेरीसाठी उभे केले म्हणजे, आकाश दिसे. १९४३ सालच्या डिसेंबर अखेरीस अशी दहा हजारांहून अधिक माणसे त्या टेकडीच्या पोटात होती : रशियन, पोलिश, फ्रेंच, बेल्जियन, इटालियन, चेक, आणि स्वतः जर्मनही.

त्यांनी केले काय? साठवलेली तेलाची टाकी-पिंपे बाहेर काढली, उरलेला बोगदा फोडला, रूळ टाकले आणि अवजड यंत्रे बहुतांशी खांद्यांनी आणि दोरांनी ओढून जागच्या जागी आणली. १० डिसेंबर १९४३ रोजी श्पेअरने तेथे भेट दिली. दृश्य पाहून त्याचे काही सोबती हादरले, असे त्यानेच पुढे आठवणींत लिहिले आहे. पण त्याच भेटीनंतर आठवड्याच्या आत त्याने काम्लरला पत्र पाठवून एवढ्या थोड्या अवधीत एवढे काम उरकल्याबद्दल त्याचे अभिनंदन केले, हेही कागदोपत्री आहे. आठवणी माणूस म्हातारपणी लिहितो. पत्र त्याच आठवड्यात लिहिलेले असते. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोहोंत कोणावर विश्वास ठेवावा, हे सांगावयास नको.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी पहिले चार अग्निबाण बाहेर पडले, आणि ते इतके सदोष निघाले की त्यांचा उपयोग झाला नाही. ते चार अग्निबाण वर्ष संपण्याआधी दाखवावयाचे होते, म्हणून दाखवले. १९४४ च्या मार्च अखेरपर्यंत छावणीत जवळजवळ ३,००० माणसे मेली होती. क्षय, न्यूमोनिया, अतिसार, उपासमार आणि मार, ही कारणे. प्रेते प्रथम बुखनवाल्डला जाळण्यासाठी पाठवीत. पुढे संख्या वाढली तेव्हा येथेच दहनभट्टी उभारली. याखेरीज कामाला निरुपयोगी झालेले आणखी सुमारे ३,००० आजारी लोक तीन गाड्यांत भरून माजदानेक आणि बेर्गेन-बेल्झेन या छावण्यांकडे रवाना केले. त्यांतले फार थोडे जगले. बाहेर झोपड्या झाल्या आणि कैद्यांचा मुक्काम बोगद्यातून हलला तो १९४४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी.

आता कारखाना कसा होता तेही पाहिले पाहिजे. कारण तो पाहिल्यावाचून तेथे शास्त्रज्ञांचे आणि इंजिनियरांचे काय काम होते ते समजत नाही. व्ही-२ हा १४ मीटर लांबीचा, सुमारे साडेबारा टन वजनाचा, मद्यार्क आणि द्रवरूप प्राणवायू जाळणारा अग्निबाण. टोकाला सुमारे एक टन स्फोटक. मारा तीनशे किलोमीटरच्या आसपास. त्याचा वेग ध्वनीच्या कितीतरी पट असल्यामुळे तो आधी पडे आणि त्याचा आवाज मागाहून ऐकू येई. अशा नाजूक यंत्राची जोडणी रुळांवरून सरकत सरकत होई. सुटे भाग एका बाजूने आत येत, आडव्या दालनांत त्यांचे छोटे जोडकाम होई, आणि पूर्ण झालेला अग्निबाण दुसऱ्या टोकाकडे जाई. त्याला उभा करून तपासण्यासाठी एकेचाळिसाव्या दालनाची जमीन मुद्दाम खोल खणून त्याची उंची पंधरा मीटरांच्या वर नेली होती. वर फिरती यारी होती. एकूण सहा हजारांच्या आसपास अग्निबाण या टेकडीतून बाहेर पडले. पुढे त्याच बोगद्यांत व्ही-१ हे उडते बाँब आणि युंकर्स कंपनीची विमानांची इंजिनेही होऊ लागली.

जोडणीवर एका वेळी पाच-एक हजार कैदी आणि त्यांच्यावर देखरेख करणारे दोन-तीन हजार जर्मन नागरी कामगार असत. हे नागरी कामगार सायंकाळी नॉर्डहाउजेनला आपापल्या घरी जात, जेवत आणि झोपत. तेव्हा, आम्हांला काही ठाऊकच नव्हते, हे जे वाक्य १९४५ नंतर जर्मनीत घरोघर ऐकू येऊ लागले, ते या गावापुरते तरी टिकत नाही.

कैदी मुकाट्याने काम करीत होते का? नव्हते. सांधा कच्चा ठेवणे, तार सैल जोडणे, चांगला भाग भंगारात टाकणे असे प्रकार घडत. परंतु या बाबतीत आपण थोडे सावध राहिले पाहिजे. किती अग्निबाण त्यामुळे निकामी झाले याचा हिशेब कोणालाही मांडता येत नाही. मूळ आखणीच घाईची असल्यामुळे पुष्कळसे हवेतच फुटत होते. एस. एस. च्या लेखी मात्र चामड्याचा तुकडा पट्ट्यासाठी घेणे हेसुद्धा घातपाताचे कृत्य होते. दोनशेहून अधिक कैदी या आरोपाखाली फासावर गेले. १९४५ च्या मार्चमध्ये तर बोगद्यातील त्या फिरत्या यारीलाच माणसे एका ओळीत टांगली, आणि इतर कैद्यांना त्या प्रेतांखालून कामावर जावयास लावले. अग्निबाण उचलण्याची ती यारी होती.

अशा जागीही एक मनुष्य चित्रे काढीत होता. लिआँ डेलार्ब्र हे त्याचे नाव. फ्रान्समधील बेल्फोर गावच्या संग्रहालयाचा तो प्रमुख. प्रतिकाराच्या चळवळीत पकडला गेला आणि आउशविट्झ, बुखनवाल्ड असा फिरत डोरास आला. हाती लागेल त्या कागदाच्या चिटोऱ्यावर तो पेन्सिलीने रेखाटने करी आणि लपवून ठेवी. तो वाचला आणि त्याची चित्रेही वाचली. जर्मनांनी अधिकृतपणे काढवलेली या कारखान्याची रंगीत छायाचित्रेही उपलब्ध आहेत. त्यांत स्वच्छ दालने आणि कामात गढलेले कामगार दिसतात. दोन्ही एकाच जागेची चित्रे आहेत.

ऑक्टोबर १९४४ अखेर डोरा ही बुखनवाल्डची शाखा न राहता ‘मित्तेलबाऊ’ या नावाने स्वतंत्र छावणी झाली. भोवताली सुमारे चाळीस उपछावण्या पसरल्या. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती बहुधा मागे पडते. अग्निबाण जोडणारा कैदी तुलनेने बरा होता. त्याला काम शिकवण्यात वेळ गेलेला असे, त्यामुळे मालक त्याला थोडे जपत. मरणाचा खरा सुकाळ होता तो नवे बोगदे खणणाऱ्यांत. एलरिख या उपछावणीत त्या हिवाळ्यात सुमारे चार हजार माणसे मेली. ती ज्या बोगद्यांसाठी मेली त्यांतून युद्ध संपेपर्यंत एकही वस्तू तयार होऊन बाहेर पडली नाही. डोरात जो अशक्त होई त्याला कारखान्यातून खणकामावर आणि तेथून मरणाच्या छावणीत ढकलण्यात येई. माणूस हा सुटा भाग आहे आणि झिजला की बदलावयाचा, हा हिशेब तेथे इंजिनियरीच्या शिस्तीने चालवला गेला.

या छावण्यांतून एकंदर ६०,००० च्या आसपास कैदी गेले आणि त्यांतले सुमारे २०,००० मेले. दुसरीकडे, ८ सप्टेंबर १९४४ पासून मार्च १९४५ अखेरपर्यंत तीन हजारांवर व्ही-२ सोडण्यात आले. २५ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडनमधील न्यू क्रॉस भागात एका दुकानावर अग्निबाण पडून १६८ माणसे मेली. १६ डिसेंबरला अँटवर्पमध्ये भर खेळाच्या वेळी रेक्स चित्रपटगृहावर पडला, ५६७ मेली. ब्रिटनमधील एकूण मृत्यू २,७०० च्या वर, आणि सर्व ठिकाणचे मिळून पाच हजारांच्या आसपास किंवा थोडे अधिक. यावरून असे एक वाक्य प्रचलित झाले आहे की, वापरताना जेवढी माणसे मेली त्याहून बनवताना अधिक मेली असे हे एकच अस्त्र. वाक्य टाळी घेणारे आहे. पण ते जरा तपासून घ्यावे. वीस हजारांपैकी पुष्कळसे इतर बोगदे खणताना मेले, हे आपण पाहिलेच. तथापि १९४४ च्या वसंतापर्यंत, म्हणजे लंडनवर पहिला अग्निबाण पडण्याच्या कितीतरी आधी, नुसता कारखाना उभा करताना जे तीन हजार मेले आणि जे तीन हजार मरावयास पाठवले गेले, तेवढेच जरी धरले तरी बेरीज फारशी बदलत नाही.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा जवळ आल्या. ३ आणि ४ एप्रिलला ब्रिटिश विमानांनी नॉर्डहाउजेन गाव बेचिराख केले. गावातील बोएल्के बराकीत मरणोन्मुख कैद्यांना आणून टाकले होते, त्यांतलेही शेकडो त्या बाँबांखाली गेले. त्याच दिवसांत एस. एस. ने बाकीच्या छावण्या रिकाम्या करून कैद्यांना गाड्यांतून आणि पायी हाकलले. यांपैकी काही जथे गार्डेलेगेन गावाजवळ पोचले. १३ एप्रिल रोजी तेथील एका मोठ्या धान्याच्या कोठारात एक हजारावर कैदी कोंडून ते पेटवून देण्यात आले. दोन दिवस आधी, ११ एप्रिलला, अमेरिकन सैन्य नॉर्डहाउजेनमध्ये शिरले होते. बोएल्के बराकीत त्यांना हजारांहून अधिक प्रेते आणि त्यांच्यात पडलेली काही शे जिवंत माणसे आढळली. सेनाधिकाऱ्यांनी गावातील पुरुषांना बाहेर काढून ती प्रेते हातांनी उचलावयास आणि पुरावयास लावली.

टेकडीत शिरलेल्या दुसऱ्या तुकडीला मात्र निराळाच ठेवा सापडला. दिवे लागलेले होते, रुळांवर अर्धवट जोडलेले अग्निबाण उभे होते. हा प्रदेश ठरावाप्रमाणे जुलैमध्ये रशियनांकडे जावयाचा होता. तेवढ्या अवधीत अमेरिकनांनी शंभर अग्निबाणांचे भाग गाडीने अँटवर्पला आणि तेथून जहाजाने अमेरिकेला हलवले. एका खाणीत दडवलेले चौदा टन कागदपत्रही नेले. त्यानंतर रशियन आले. त्यांनी जवळच्या ब्लाइखेरोडे गावी संस्था काढून उरलेल्या जर्मन तंत्रज्ञांकडून तोच अग्निबाण पुन्हा जुळवला. ज्यांनी पुढे रशियाचा पहिला उपग्रह सोडला ते कोरोल्योव या कामासाठी येथे येऊन राहिले होते. ऑक्टोबर १९४६ मध्ये त्या जर्मन तंत्रज्ञांना कुटुंबासह रात्रीत रशियात नेण्यात आले. तेव्हा चंद्राच्या शर्यतीतील दोन्ही धावपटूंनी सुरुवात याच टेकडीच्या पायथ्याशी केली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रश्न उरतो तो माणसांचा. वेर्नर फॉन ब्राउन हा या अग्निबाणाचा मुख्य आखणीकार. तो २ मे १९४५ रोजी अमेरिकनांच्या स्वाधीन झाला आणि पुढे अमेरिकेचा नागरिक झाला. ज्या सॅटर्न-५ अग्निबाणाने माणूस चंद्रावर नेला त्याचा तो शिल्पकार, याविषयी वाद नाही. त्याचे आणि त्याच्या सहकाऱ्यांचे समर्थन नेहमी एकाच धर्तीचे असे : आम्ही शास्त्रज्ञ, कैदी आणले ते एस. एस. ने, आमचा उपाय चालत नव्हता.

कागद निराळे बोलतात. आर्थर रूडोल्फ हा पेनेम्युंडेचा उत्पादन-इंजिनियर. एप्रिल १९४३ मध्ये, म्हणजे बाँबहल्ल्याच्या चार महिने आधी, तो बर्लिनजवळच्या एका विमान-कारखान्यात कैद्यांकडून काम कसे करून घेतात ते पाहून आला आणि पेनेम्युंडेतही तसेच करावे अशी त्याने शिफारस केली. जूनपासून तेथे कैदी येऊही लागले. पुढे कोनश्टाइनमधील उत्पादन हाच रूडोल्फ सांभाळीत होता. ६ मे १९४४ ला कारखान्याच्या कचेरीत एक बैठक भरली. तिला फॉन ब्राउन आणि रूडोल्फ हजर होते, आणि आणखी १,८०० फ्रेंच कुशल कामगार आणण्याचा विषय तिच्यात निघाला. १५ ऑगस्ट १९४४ ला फॉन ब्राउनने कारखान्यातील एका वरिष्ठाला लिहिले की, आपण स्वतः बुखनवाल्डला जाऊन लायक कैदी पाहिले असून त्यांना हलवण्याची व्यवस्था छावणीच्या प्रमुखाशी बोलून केली आहे.

त्याच पत्रात, न्यायाने सांगितले पाहिजे, शार्ल सादराँ या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाला काही सवलती मिळाव्यात असाही विषय आहे. सादराँ हे स्ट्रासबुर्ग विद्यापीठातील प्राध्यापक. डोरात कैदी होते. फॉन ब्राउन आपल्याशी सभ्यपणे बोलला आणि आपल्या प्रयोगशाळेत येण्याविषयी त्याने विचारले, असे त्यांनी सुटकेनंतर नोंदवले. त्यांनी नकार दिला. फॉन ब्राउन क्रूर होता असे माझे म्हणणे नाही. कागदांवरून तसे दिसतही नाही. तो कामात गढलेला, शिष्टाचार पाळणारा मनुष्य होता, आणि त्याच्या कामाला माणसे कमी पडत होती. हीच गोष्ट मला अधिक भयंकर वाटते. क्रूर माणसापासून सावध राहता येते. ज्याच्याशी सायंकाळी चहा घ्यावा अशा माणसाने दुपारी छावणीत जाऊन माणसे निवडावीत, याला काय उपाय?

न्यायालयात काय झाले? १९४७ साली डाखाउ येथे अमेरिकन लष्करी न्यायालयापुढे डोराचा खटला चालला. एकोणीस आरोपी. पंधरांना शिक्षा झाल्या, चार सुटले. फाशी एकट्या हान्स म्योझर या छावणी-अधिकाऱ्याला झाली. आरोपींत कंपनीचा म्हणावा असा एकच मनुष्य होता, मित्तेलवेर्कचा मुख्य संचालक गेओर्ग रिकाय. त्याला आधीच अमेरिकेत नेऊन कामाला लावले होते, खटल्यासाठी परत आणले, आणि तो निर्दोष सुटला. खटल्याचे कागद बंद झाले. १९६७ साली पश्चिम जर्मनीत एसेन येथे तीन एस. एस. अधिकाऱ्यांवर पुन्हा खटला उभा राहिला, तेव्हा साक्षीसाठी फॉन ब्राउनला बोलावणे गेले. त्याची जबानी न्यू ऑर्लिन्स येथील जर्मन वकिलातीत घेण्यात आली. तारीख फेब्रुवारी १९६९. चंद्रावर पाऊल पडावयास पाच महिने होते. वृत्तपत्रांना त्या वेळी दुसरा विषय हवा नव्हता. पूर्व जर्मनीने हा विषय मात्र उचलून धरला, पुस्तके काढली, चित्रपट काढला. पण ब्लाइखेरोडेच्या संस्थेबद्दल आणि रशियात नेलेल्या तंत्रज्ञांबद्दल तेथे मौन होते. ज्याला त्याला दुसऱ्याच्या घरचा पूर्वज उकरून काढावयाचा होता.

आर्थर रूडोल्फ सॅटर्न-५ च्या कार्यक्रमाचा व्यवस्थापक झाला आणि त्याला मोठे मानचिन्हही मिळाले. १९८० नंतर अमेरिकेच्या न्यायखात्याने जुने कागद काढून त्याची चौकशी केली. १९८४ साली तो अमेरिकेचे नागरिकत्व सोडून जर्मनीत परतला. फॉन ब्राउन १९७७ मध्येच वारला होता. त्याला कोणी काही विचारण्याची वेळ आली नाही.

टेकडीचे काय झाले तेवढे सांगून थांबतो. १९४८ मध्ये रशियनांनी सुरुंग लावून बोगद्यांची तोंडे बुजवली. बाहेर दहनभट्टीभोवती स्मारक झाले. आत मात्र जवळजवळ अर्धशतक कोणी जाऊ शकत नव्हते. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर नवी वाट खणून १९९५ पासून पाहणाऱ्यांना काही दालनांत नेऊ लागले. डोक्याला शिरस्त्राण घालून जावे लागते, आणि भर उन्हाळ्यातही अंगात गरम कपडा असावा लागतो, कारण आतली थंडी बदललेली नाही. बोगद्याचा फार मोठा भाग कोसळलेला आहे. खालच्या पातळीची दालने पाण्याने भरली आहेत, आणि त्या स्वच्छ, स्थिर पाण्यात अग्निबाणांचे गंजलेले भाग, वाकलेल्या पत्र्यांचे ढीग, आहेत तसे पडून आहेत. शेवटच्या दालनांत मांच्यांचा मागमूस उरलेला नाही. फक्त खडक आहे.